बन्सीलाल बेटावर गप्प बसतात

डिंडोलीच्या बन्सीलाल पाटलांना हळू बोलता येत नाही, यात त्यांचा काडीचाही दोष नाही. अर्धं आयुष्य पांडेसऱ्यात कापडाच्या कारखान्यात लूमच्या खडखडाटात गेलं. तिथे शेजारच्याशी बोलायचं तर ओरडायचं, नाहीतर खुणा करायच्या. ऐकूही जरा कमीच येतं. असा माणूस पक्ष्यांच्या नादी लागला, म्हणजे कमालच!

आमचा पक्षी बघणाऱ्यांचा एक लहानसा गट आहे. मी शाळेत शिकवते. बँकेतून निवृत्त झालेले जयंतराव आमचे म्होरके. पावसाळा सरला की थंड देशांतले पाहुणे हजीऱ्यापलीकडच्या खाडीतल्या बेटावर उतरू लागतात. मागच्या वर्षी बेटावर पाय ठेवताच बन्सीलाल "ओ बघा, रोहित!" असे गरजले आणि रोहितांचा अख्खा थवा उडून गेला. या ऑक्टोबरात निघायच्या आदल्या दिवशीच जयंतरावांनी बजावलं, "उद्या जो आवाज करेल, त्याला पुन्हा नावेत जागा नाही." नियम मला पटतो, जयंतरावांचा तोरा पटत नाही. बन्सीलालांचा चेहरा एवढासा झाला. सुट्टीच्या दिवशीचा हा एकच शौक होता त्यांना.

म्हणून स्वतःला आवरायला त्यांनी बायकोलाच सोबत आणलं. धुरपदाबाई त्याच कारखान्यात धाग्याच्या बॉबिनी भरायच्या. आमचं अर्धं भांडणही खुणांनीच होतं, असं त्यांनी मला नावेत हसत सांगितलं.

ओहोटी लागली होती. चिखलात तुतवार पक्षी तुरुतुरु पळत होते. आम्ही कुजबुजत होतो, जयंतराव दोनदा शिंकले, ते कुणी मोजलं नाही. हे दोघं मात्र चिडीचूप. अंगठा ओठाला लावला की चहा, कपाळावर बोट फिरवलं की ऊन फार. इतकी शांत जोडी आमच्या गटात आजवर आली नव्हती.

तेवढ्यात बन्सीलालांनी बायकोकडे बघून हवेत मिशी पिळली. कारखान्यात या खुणेचा अर्थ एकच, शेठ आला! बाई दचकून वळल्या. मागे चार हात अंतरावर लांब बाकदार चोचीचा कोरल पक्षी हात मागे बांधलेल्या मालकाच्या रुबाबात चालत होता.

"अय माय, कितली लांब चोच शे वं त्यानी!" बाई आनंदाने किंचाळल्या.

कोरल उडाला, तुतवारही उडाले. जयंतराव लालबुंद होऊन वळले. "कोण ओरडलं?"

"मी, साहेब," बन्सीलाल उठून म्हणाले.

आवाज बाईचा होता, हे नावाड्यालाही कळलं होतं. धुरपदाबाई घाईने म्हणाल्या, "त्यास्ना काही दोष नही, मीच वरडनी. त्यास्ले येऊ द्या."

आता पक्षी उरलेच नव्हते. बन्सीलाल नेहमीच्या पट्टीत बोलले, "आयुष्यभर लूमजवळ ही खुणाच करायची, साहेब. खुशीत ही कशी ओरडते, ते आज पहिल्यांदा ऐकलं. मला जागा नको. पण हिला बोलू नका."

जयंतरावांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि रिकाम्या चिखलाकडे उगाच बघत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "पुढच्या खेपेला दोघंही या."

मला राहवलं नाही, मी टाळ्या वाजवल्या. लांब दोन कुरव पक्षी बसले होते, तेही उडाले.