घरी विचारून कळवतो

गुरुवारी संध्याकाळी मामाचा फोन आला. मी शाळेत शिकवून टेमघरला नुकतीच घरी पोचले होते, खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नव्हती. "वंदू, रविवारी कुटं जाऊ नको. पाच जनं पायजेत. शापूरला जायाचंय." मी वैतागून विचारलं, आता ही कितवी? तो म्हणाला, "आता कितवी न्हाय. ही शेवटची." असं तो याआधीही म्हणाला होता, म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही. शुक्रवारी दुपारी मामीचा फोन आला. जेवून ओटीवर आडवा झालेला मामा उठलाच नव्हता. रविवारी आम्ही पाचांतले चार जण अंजूरला त्याच्या घरी जमलो खरे, पण शहापूरला कोणी गेलं नाही.

त्याला आता सहा आठवडे होत आले. लोक भेटायला येतात, मामीजवळ बसतात, डोळे पुसतात आणि निघताना मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "ते बंदुकीचं काय झालं शेवटी?" सगळ्यांना एकदमच उत्तर द्यावं म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझा मामा हिराजी हा मुळात शेतकरी. खाडीकडची भातशेती गोदामवाल्यांना भाड्याने दिली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तो एकदम रिकामा झाला. रिकामा म्हणजे शेतीतून रिकामा. लग्नं जमवण्याचं काम होतंच. अंजूरपासून दापोड्यापर्यंत कुणाच्याही मुलाला मुलगी बघायची असली की मामाला पुढे घालत. तो कपाळाला टोपी नीट टेकवून बसायचा, पोहे खायचा, चार प्रश्न विचारायचा आणि उठताना अगदी शुद्ध आवाजात म्हणायचा, "घरी विचारून कळवतो." एरवी हाय-न्हाय बोलणारा माझा मामा एवढं एक वाक्य छापील बोलायचा.

गोदामाचा एक भाडेकरू त्याला एकदा नेमबाजीच्या क्लबात घेऊन गेला. तिथे यंत्रातून मातीच्या, केशरी रंगाच्या, बशीएवढ्या तबकड्या आकाशात उडतात आणि त्या जमिनीवर पडायच्या आत बंदुकीने फोडायच्या असतात. मामाच्या डाव्या डोळ्याला त्या दिवशी रांजणवाडी झाली होती, डोळा सुजून पार मिटलेला. तरीही पाहुणा म्हणून त्याच्या हातात क्लबची बंदूक दिली गेली. पहिल्याच बाराला तबकडीचा भुगा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. जेवताना मामीला म्हणाला, चाळीस वर्षं भात लावला, एवढं समाधान कधी मिळालं नाही. मामीने शांतपणे विचारलं की ताटल्याच फोडायच्या तर घरातल्या काय वाईट आहेत.

पुढच्या आठवड्यात डोळा बरा झाला आणि मामाची एकही तबकडी फुटली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. आपण एकदा फोडली आहे, म्हणजे आपल्याला येतं. येतं तरी फुटत नाही, म्हणजे खोट बंदुकीत आहे, असा त्याने हिशेब लावला आणि स्वतःची बंदूक घ्यायचं ठरवलं. परवान्यासाठी चौकशीला आलेल्या हवालदाराला त्याने चहा पाजून तासभर तबकड्यांची महती सांगितली. हवालदाराने शेवटी कंटाळून विचारलं, काका, यात मरतं कोण? कोणीच मरत नाही हे कळल्यावर तो बिचारा जरा निराश झाल्यासारखा वाटला.

परवाना आला, पण त्यात एक मेख होती. ठरलेल्या मुदतीत बंदूक घेऊन दाखवली नाही तर परवाना रद्द. दुसरा कोणी असता तर दुकानात गेला असता, दोन-चार बंदुका खांद्याला लावून बघितल्या असत्या आणि एक घेऊन आला असता. मामाला कुठलीही गोष्ट निवडायची एकच रीत ठाऊक होती. त्याने पाच जण जमवले. विषम संख्या हवी म्हणून पाच. तो स्वतः, मामी, शेजारचे लडकूकाका, त्यांची बायको आणि कागदपत्रं वाचायला मी. कुणाची जुनी बंदूक विकायची आहे असं कळलं की आम्ही आधी निरोप धाडून, रविवार बघून, नवे कपडे घालून जायचो. यजमान गोंधळायचे. एका माणसाला गिऱ्हाईक येणार म्हणून त्याने दार उघडलं तर समोर काठापदराच्या साड्यांतल्या तीन बायका. मग घाईघाईने पोहे व्हायचे. बंदूक आतल्या खोलीतून आणली जायची आणि टीपॉयवर ठेवली जायची... आणि आम्ही पाचही जण तिच्याकडे नुसते बघत बसायचो.

प्रश्नही तेच. वय काय? आधी कुणाकडे होती? तिकडून का आली? लडकूकाका खोड काढण्यात पटाईत. दोन नळ्या शेजारी-शेजारी असल्या तर म्हणायचे, एका घरात दोन जावा, पटायचं नाही. एकीवर एक असल्या तर म्हणायचे, खालचीवर अन्याय. मामा बंदूक उचलून उजव्या खांद्याला लावायचा, भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरायचा आणि मान हलवायचा. जड आहे. डावीकडे ओढते. नजर बसत नाही. मग ते वाक्य. "घरी विचारून कळवतो." घरातले सगळे तिथेच पोहे खात बसलेले असत.

शहापूरची बंदूक ही आम्ही पाहिलेली दुसरीच होती. तिथल्या बाई निवृत्त परिचारिका. नवरा नेमबाज होता, तो गेल्यावर बंदूक त्यांच्या नावावर आलेली. नक्षीदार, देखणी, एकीवर एक नळ्यांची. मामाचा जीव तिच्यावर बसलेला मी पाहिला. पण खांद्याला लावली तर गालाला रुते. त्याने दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा लाकडी भाग, हाताने चाचपला आणि लडकूकाकांना खुणावलं. दस्ता किंचित वाकडा होता. वाकडी ती वाकडीच, असं म्हणून आम्ही उठलो.

अशा दोन-तीन वर्षांत चौदा झाल्या. मुदत दोनदा वाढवून घेतली. तिसऱ्यांदा साहेबांनी बजावलं की ही शेवटची, यानंतर परवाना गेला म्हणून समजा. मामा हादरला. क्लबात जाऊन क्लबच्याच बंदुकीने हवेत बार काढून यायचा आणि ओटीवर बसून राहायचा. मी त्याला इतका पडलेला कधी पाहिला नव्हता. त्याला त्या भुग्याची, एकदाच झालेल्या त्या केशरी भुग्याची ओढ लागली होती. मला त्याची चेष्टा करवेना.

शेवटी क्लबातल्या एका निवृत्त सुभेदारांनी त्याला थांबवलं. त्या दिवशी मी सोबत होते. ते मामाला म्हणाले, बंदूक ठेवा आणि दोन्ही हातांच्या बोटांमधून एक छोटी खिडकी करा. त्या खिडकीतून दूरचा खांब बघा. आता उजवा डोळा मिटा. मामाला खांब दिसला. आता डावा मिटा. खांब गायब. सुभेदार हसले नाहीत. म्हणाले, "काका, आपकी तो बायीं आँख मालिक है. बंदूक दायें कंधे पे, नजर बायीं आँख की. निशाना कैसे लगेगा?" माणसाचा जसा एक हात पुढचा असतो तसा एक डोळाही असतो, हे आम्हाला तिथे कळलं. पहिल्या दिवशी रांजणवाडीने तो मालक बंद करून ठेवला होता, म्हणून तबकडी फुटली. इतक्या वर्षांत मामाला कोणी तपासलं नव्हतं. मुलाकडची माणसं बघतात. त्यांना कोण बघणार?

परतीच्या रिक्षात अंजूर फाटा आल्यावर तो म्हणाला, "चौदा जनींना नाव ठेवली गो मी. खोट बगनाऱ्याच्या डोल्यात व्हती."

मी हसले. तो हसला नाही. इथे सांगायला हवं की मलाही नऊ जण बघून गेले होते. नऊ वेळा मी पोह्यांचा ट्रे धरून बाहेर आले, नऊ वेळा मामा माझ्या शेजारी बसला होता आणि नऊही जणांनी घरी विचारून कळवतो म्हटलं होतं. त्यानंतर मी ट्रे ठेवला तो ठेवलाच. शाळा, घर, माझं बरं चाललं आहे. पण त्या रिक्षात मामा बाहेर बघत म्हणाला, "तुला बगून गेलेल्यांचा पन असाच झाला आसल. मना तवा कलला न्हाय, वंदू." मी रिक्षावाल्याला उगाचच हळू चालव म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून मामा डाव्या खांद्याचा झाला. मामीच्या पाकिटातली एक लाल टिकली घेऊन कपाटाच्या आरशावर चिकटवली आणि रोज सकाळी छत्री डाव्या खांद्याला लावून तिच्यावर नेम धरू लागला. पन्नास वेळा. मामी केस विंचरायला आली की तिला रांगेत उभं राहावं लागे. आणि असाच एकदा छत्री गालाला लावलेली असताना त्याला आठवलं की शहापूरचा तो दस्ता कुठल्या बाजूला वाकडा होता. त्याने बाईंना फोन करून एवढंच विचारलं, तुमचे मालक डावखुरे होते का? होते. म्हणजे दस्ता वाकडा नव्हता, डाव्या खांद्यासाठी तसा घडवलेला होता. गुरुवारी संध्याकाळी मला फोन आला तो त्यानंतर.

मागच्या रविवारी मी एकटीच शहापूरला गेले. मामाने आधीच आणून ठेवलेला नारळ आणि खण मामीने पिशवीत घालून दिला होता. बाईंनी मला ओळखलं. मामा गेल्याचं त्यांना सांगितलं. मी विचारलं, मधल्या वर्षांत बंदूक कुणी मागितली नाही का. त्या म्हणाल्या, "मागितली ना. पण तुम्ही कळवतो म्हणून गेला होता. मी म्हटलं, आधी तुमचं कळू दे."

इतक्या वर्षांत त्या वाक्यावर कोणी विश्वास ठेवला असेल असं मला वाटलंच नव्हतं. मी नारळ आणि खण त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "मामाकडून होकार आहे." त्या आत गेल्या आणि वाटीत साखर घेऊन आल्या. आम्ही दोघींनी चिमूट-चिमूट खाल्ली... बंदूक आता सुभेदारांच्या ओळखीतली एक डावखुरी मुलगी घेणार आहे, रीतसर परवान्यावर.

संध्याकाळी अंजूरला आले तेव्हा मामी कपाट पुसत होती. कळवलंस का, तिने विचारलं. कळवलं, मी म्हणाले. "मुदत कवापत्तुर व्हती?" मी सांगितलं, या महिन्याअखेरपर्यंत. "मंग टायमात झाला," ती म्हणाली आणि टिकलीला धक्का न लावता तिच्याभोवतीचा आरसा पुसत राहिली.