किल्ली मागे ठेवून आलेले मामा

अन्याय आमच्या थोरल्या मामांवर झाला. कधी, तेही सांगतो. गेल्या मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, दुपारी साडेबाराला, कापूरहोळला, जुन्या गाड्या विकणाऱ्या एका माणसाच्या आवारात. मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे. वेल्ह्याच्या एसटीच्या बंद फेऱ्या, भोरच्या बाजारात बायकांना नसलेल्या मुताऱ्या, असल्या विषयांवर लिहून हात बसलाय. कुणावर, कधी, कुठं, हे आधी सांगायचं आणि मग बोंब मारायची. पण इथं बोंब मारण्याआधी एक गोष्ट कबूल करायला हवी. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत आमच्या मामांइतका चोख व्यवहार करून इतक्या वेळा तोंडघशी पडलेला माणूस दुसरा नाही.

मामांनी आयुष्यभर बैल पारखले. आमच्या मार्गासनी गावात कुणाला बैल घ्यायचा असला की आधी मामांना बाजाराला न्यायचं, अशी रीतच होती. पुढं शेतात ट्रॅक्टर आला, गोठे रिकामे झाले, पण पारख काही रिकामी बसेना. मग मामा सगळ्याच गोष्टी बैलासारख्या बघायला लागले. मोबाईल घेताना त्यांनी तो पाठीवर थोपटून बघितला. माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी, 'जरा ते रान दाखवतो' म्हणून बांधापर्यंत चालवून आणलं आणि घरात येऊन आईला सांगितलं, "उभं चांगलं ऱ्हातंय. चालताना डावा पाय जरा फेकतंय, पर कामाला भारी हाय." लग्न झालं. मेव्हणे आजही मामांसमोरून जाताना डावा पाय जपून टाकतात.

आता अशा माणसाला या वयात मोटारहोम, म्हणजे आत पलंग, शेगडी नि बेसिन असलेली राहती गाडी कशाला हवी, असं गावानं विचारलंच. उत्तर मामी होती. मामीला समुद्र बघायचा होता. वरंधा घाट उतरला की पलीकडे कोकणच, काही काशी नव्हे. पण लग्न होऊन आल्यापासून घरात दुभती म्हैस, आणि धार काढायला दुसरं कुणी नाही. मामी लग्नकार्याला जायची ती शेवटच्या एसटीनं परत यायची. गेल्या वर्षी शेवटची म्हैस विकली, तेव्हा कळलं की मामीला आता दुसऱ्याच्या घरी झोपच लागत नाही. लॉजचं नाव काढलं की म्हणायची, "कुणाच्या गादीवर कोन निजून गेलं आसंल." शिवाय गुडघे दरवर्षी थोडे थोडे संपत होते. मग मामांनी ठरवलं, ही घर सोडत नाही ना, तर घरच नेऊ.

त्यानंतर दोन महिने आम्ही जुन्या राहत्या गाड्या बघत हिंडलो. मामांच्या काखेत घरचा पाट असायचा. गाडीची पायरी उंच, म्हणून खाली पाट ठेवून मामी चढते का ते आधी बघायचं. ती चढली तरच पुढची बोलणी. भोंगवलीत एकानं जुन्या टेम्पोत घर बांधलं होतं. त्यानं इंजिन आधीच तापवून ठेवलेलं. मामांनी इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला आणि म्हणाले, "हिला निजू द्या. निजलेली उठती कशी, ते बघायचंय." आम्ही दोन तास त्याच्या ओट्यावर बसलो. गाडी गार झाली आणि उठलीच नाही. तोवर मामी आत शेगडीपाशी जागा चाचपत होती.

"भाकरी कुठं थापायची ह्यात?"

"काकू, यात नूडल्स होतात. चहा होतो."

"मंग ही गाडी उपाशीच हिंडत आसंल," मामी म्हणाली आणि पाटावरून उतरली.

कापूरहोळची गाडी मात्र सगळ्यांना आवडली. पांढरी, बाजूला निळा पट्टा. मामांनी ती आधी मागून बघितली, कारण विकणारा नेहमी तोंड दाखवतो. दाराखालच्या गंजाला, बैलाच्या अंगावर केसांचा असतो तसा 'भोवरा' म्हणून नाव ठेवलं आणि 'शुभ जागी हाय' म्हणून माफही केलं. गाडी गार असतानाही एका हाकेत उठली. मामीची परात आतल्या ओट्यावर बसली. मंगळवारी बघून निघताना मामीनं मागच्या खिडकीला कुंकवाचं बोट लावलं, म्हणजे तिच्या बाजूनं विषय संपला.

गुरुवारी सकाळी मामा एकटेच गेले. मी निवेदन घेऊन वेल्ह्याला होतो. सौदा झाला, इसार दिला, विकणाऱ्यानं किल्ली हातावर ठेवली. आणि मामांनी ती परत टेबलावर ठेवली. आमच्याकडे जनावर विकतात, त्याच्या गळ्यातलं दावं विकत नाहीत. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणायचं आणि जुनं विकणाऱ्याच्या हाती द्यायचं. मामा म्हणाले, "हे तुमच्या दारचं, तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. आमी आमचं बघतो." आणि नवी किल्ली करणाऱ्याला आणायला भोरला निघून गेले.

विकणारा बाहेरगावचा. किल्ली परत देणाऱ्याचं मन फिरलं, एवढंच त्याला कळत होतं. साडेबाराला पुण्याचं एक गिऱ्हाईक आलं आणि गाडी घेऊन गेलं. मामा तीनला किल्लीवाल्याच्या मोटरसायकलवर मागे बसून आले, तेव्हा आवारात तेलाचा डाग होता. इकडे मार्गासनीत मामीनं पीठ, तिखट, मीठ डब्यांत भरून ठेवलं होतं. तुळशीला पाणी कोण घालणार तेही ठरलं होतं. संध्याकाळी तिनं डबे उघडले आणि सगळं जागच्या जागी ओतलं.

मी रात्रीत पत्रक लिहिलं. सकाळी मामांनी ते वाचायला लावलं आणि म्हणाले, "फाड. दावं त्याच्या हातात, जनावर त्याच्या गोठ्यात. त्यानं कशाला थांबावं? इसार तर त्यानं मी मागायच्या आधी परत धाडलाय." मग उठता उठता म्हणाले, "पर ज्यानं नेली त्यानं दावं बी नेलं. त्याला कुनी सांगितलं न्हाई. त्याच्याकडं रमती का न्हाई, कुणास ठावं."

या बोलण्याचा मला अजून राग येतो, कारण त्यात दोषी सापडत नाही. आणि दोषी नसला म्हणून मामीचा समुद्र काही जवळ येत नाही.

म्हणून हे पत्रक दोषी नसलेल्याच्या नावे. त्या गुरुवारी कापूरहोळहून निळ्या पट्ट्याची पांढरी राहती गाडी तुम्ही नेली असेल, तर मागची खिडकी बघा. कुंकवाचं बोट आमच्या मामीचं आहे. पुसलं असेल तर असू दे. पण पुढच्या खेपेला कोकणात उतराल, तेव्हा थेट भोरवरून घाटाला लागू नका, आधी मार्गासनीला वळा. मामीला आणि तिच्या परातीला आत घ्या, आणि एक रात्र गाडी समुद्राकडे तोंड करून उभी करा. पायरी उंच आहे, ते आम्हाला ठाऊक आहे. पाट पडवीत दाराशीच ठेवलाय.