मास्तरांच्या गाडीची किल्ली

आचऱ्याच्या जानकीबाई पन्नाशीत गाडी शिकल्या, तेव्हा वाडीला चघळायला चांगला विषय मिळाला होता. शिकवणारे त्यांचे यजमानच, शाळेतले चित्रकलेचे मास्तर. क्लच सोडताना गाडीने आचका दिला की मास्तर हसायचे आणि बाई चिडायच्या. मास्तर गेले, गाडी राहिली. बाजाराला बाई अजून तीच नेत आणि शेजारच्या रिकाम्या सीटशी घरच्या सगळ्या गोष्टी बोलत.

अलीकडे मात्र स्टिअरिंगजवळच्या कुलपात किल्ली फिरेना. मागच्या बाजारात उन्हात इतका वेळ खटपट करावी लागली की पिशवीतली मासळी फुकट गेली. सावंतवाडीहून लेकीने, सलोनीने, फोनवर निकालच दिला: रविवारी गिऱ्हाईक घेऊन येते, गाडी विकून टाकू. बाईंना ते पटेना. गाडी गेली तर बोलायचं कुणाशी?

त्यांनी गॅरेजवाल्या बाबली मेस्त्रीला घरी बोलावलं. त्याने किल्ली हुंगली आणि विचारलं, "वयनी, कुलपात खोबरेल घालतास?"

घालत होत्याच. मास्तर दसऱ्याला गाडीला हार घालताना कुलपात खोबरेलाचा थेंब सोडत, वर्षातून तेवढाच. ते गेल्यावर बाईंनी त्याचा नेम केला. दर शनिवारी देवाला दिवा लावून झाला की गाडीला थेंब.

"तांच थंडयेत गोठता नि धूळ धरून बसता," बाबली म्हणाला. त्याने बॅटरीची वायर सोडली, कुलूप साफ करायच्या स्प्रेचा डबा हाती दिला आणि पुढचं सांगून गेला: कुलूप साफ करून वाळू द्या, वायर जोडा, मग किल्लीच्या दात्यांवर मऊ शिसपेन्सिल घासून ती आतबाहेर करा.

बाईंनी स्प्रे मारला. किल्लीबरोबर काळा चिकटा बाहेर आला, खवट खोबरेलाच्या वासाचा. फडक्याने तो पुसताना त्यांना रडूच कोसळलं. मायेपोटी आपणच गाडीचा गळा आवळत होतो.

कुलूप वाळल्यावर बाईंनी वायर जोडली. घरात मऊ पेन्सिली होत्या त्या मास्तरांच्याच, ब्लेडने लांब टोकं काढून डब्यात ठेवलेल्या. त्यांना बाईंनी कुणाला हात लावू दिला नव्हता. बराच वेळ त्या डबा मांडीवर घेऊन बसल्या. मग एक उचलली आणि दात्यांवर घासली. मास्तरांच्या हातचं टोक झिजून बोथट झालं. स्टिअरिंग जरा हलवून त्यांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

सलोनीला कळवलं की गिऱ्हाईकाला नको म्हण, रविवारी मीच गाडी घेऊन जेवायला येते.

रविवारी वाडीच्या चढावर क्लच चुकला आणि गाडीने जुना आचका दिला. बाई चिडून शेजारच्या सीटकडे वळल्या. तिथे ती बोथट पेन्सिल पडली होती.

"हसा," त्या म्हणाल्या, "किती हसायचा तां हसा. किल्ली माझ्याकडेच आसा."