कोपराखाली काहीही चालत नाही

आमच्या घरी एक नियम आहे. मोठ्या बाबांनी, म्हणजे माझ्या वडलांच्या थोरल्या भावानं, हाताला गंडा बांधला की तो आपणहून तुटेपर्यंत सोडायचा नाही. का, ते विचारायचं नाही. मी शिकलेली, नर्स, शिवाय भांडकुदळ म्हणून अख्ख्या गावात नाव. तरी या नियमापायी मी काय दिवे लावले ते ऐका.

कॅन्सर झालेल्या लेकरांची देखभाल करणाऱ्या नर्सेससाठी प्रमाणपत्राची परीक्षा असते. ती पास झाले तर चंद्रपुरात त्या लेकरांच्या वॉर्डात नोकरी लागणार होती. लेखी पेपर झकास गेला. प्रात्यक्षिकाला निघाले, तर सिंदेवाहीच्या घरी मोठ्या बाबांनी मनगटावर काळा गंडा आवळला.

"मोठे बाबा, तिथी हे चालत नाई."

"देवाचं कुठी चालत नाई? सोडू नोको."

आत्याबाई म्हणाली, "माह्या रमेशले बांधला तं तलाठी झाला का नाई?"

"तिसऱ्या खेपेले झाला, आत्या."

"पण झाला ना?"

आता गंमत बघा. किमो चालू असलेल्या लेकराच्या अंगात जंतूंशी लढायची ताकदच उरलेली नसते. म्हणून त्याला हात लावणाऱ्याच्या कोपराखाली घड्याळ, अंगठी, धागा, काहीही चालत नाही. सोबतच्या पोरींकडून हे मीच ओरडून ओरडून पाठ करून घेतलं होतं.

मग मी गंडा सोडला? छे. त्यावर चिकटपट्टी लावली. शिकलेल्या माणसाची अक्कल.

टेबलावर बाहुला निजवलेला, त्याच्या छातीत औषधाची नळी. परीक्षक मॅडमनी आधी माझं मनगट पाहिलं.

"काय झालं?"

"विळा लागला, मॅडम. आज सकाळीच." म्हटलं, ताजं दुखणं आहे, दया येईल.

"म्हणजे ओली जखम घेऊन तुम्ही या लेकराजवळ आलात?"

"नाही, वाळली आहे."

"सकाळची जखम?"

"म्हणजे… तशी जुनी आहे."

"मग पिकली असेल. काढा पट्टी."

काढली. आत काळा गंडा, हळदकुंकू आणि घामानं भिजलेली कसलीशी मुळी.

मॅडमनी मुळीकडे बोट दाखवलं. "ही जखम कोणी केली?"

"मोठ्या बाबांनी."

त्यांनी बाहुल्याच्या तोंडावर चादर ओढली. निकाल कळला. मी गंडा तिथंच कात्रीनं कापला आणि घरी आले.

"गंडा सोडला, म्हणूनच नापास झाली," मोठे बाबा म्हणाले. आत्याबाईनं मान डोलावली. माझ्या बाबांनीही. "पुढच्या खेपेले डबल बांधतो. आण हात."

"नाई देत."

"काय म्हणली?"

"हात नाई देत, मोठे बाबा. परीक्षेत बाहुला होता. वॉर्डात कोणाचं तरी लेकरू राहते."

मोठ्या बाबांनी काळा धागा बोटाला गुंडाळला, उलगडला, परत गुंडाळला. आत्याबाई पदराशी खेळत बसली. बाबा पंख्याकडे बघत राहिले.

'नाई देत.' दोनच शब्द होते. तेवढे शिकायला मला नापास व्हावं लागलं.