अन्सेल्मोचा गुडघा

गुडघा गेलेल्या माणसाच्या पुढ्यात मुद्दाम चेंडू पाडून पळायचं, ह्याला तुम्ही खेळ म्हणाल का?

कॅरिबियन समुद्राकाठच्या आमच्या ऊसवस्तीत बेसबॉल खेळताना असं कुणी करत नाही. कुठे लिहिलेलं नाही, पण करत नाही. त्या रविवारी सेहेचाळीस वर्षांच्या ऊसतोड्या अन्सेल्मोनं आमच्याकडून चेंडू टाकताना शेवटच्या डावापर्यंत पलीकडच्या वस्तीला एकही हिट दिली नव्हती, म्हणजे चेंडू मारून कुणालाही पहिला तळ गाठू दिला नव्हता. असं त्याच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं! बाकावर त्याच्याशी कुणी चकार शब्द काढत नव्हतं, कारण बोललं की दृष्ट लागते. आमची आघाडी मात्र एकाच धावेची.

दोन गडी बाद झाले; तिसरा गेला की सामना संपणार होता. मग पलीकडच्या येफ्रीनं बॅट आडवी धरून चेंडू अलगद पुढ्यात पाडला आणि पळत सुटला. अन्सेल्मो लंगडत धावला आणि तोंडावर आपटला. येफ्री पहिल्या तळावर पोचला. झाली हिट!

"हरामखोरा, लाज नाही वाटत?" तळलेल्या केळ्यांचे काप भिरकावत लोक मैदानात घुसले.

अन्सेल्मो धूळ झटकत आडवा आला. "गप बसा रे! दहा धावांनी मागे असून असं केलं असतं, तर मीच त्याचं थोबाड रंगवलं असतं. पण एका धावेसाठी तो जिंकायला खेळला. मी काय इथं भीक मागायला उभा आहे?" मग येफ्रीकडे वळून म्हणाला, "आणि तू रे शेंबड्या, आता तळ सोडून दाखव!"

पुढचा फलंदाज त्यानं तीन चेंडूंत गुंडाळला आणि सामना आम्ही जिंकला.

आमच्याकडे आलात तर अन्सेल्मोच्या गुडघ्याची कीव करू नका. त्याच्याशी जीव तोडून खेळा.