सव्वा तासाचं हैदराबाद

सानगडीच्या सेवकरामांनी पस्तीस वर्षं धानाचा ट्रक चालवला. कुठलंही गाव किती दूर, हे ते किलोमीटरमध्ये सांगत नसत. सकाळी निघालं तर चहा कुठं आणि जेवण कुठं, एवढं सांगत, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. पण भाचीनं विमानाचं तिकीट पाठवलं आणि त्यांचं डोकं चक्रावलं.

खुशबूचं लग्न हैदराबादला, गुरुवारी संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी. मंगलाष्टकं सुरू झाली की नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं, आणि तिच्या आईला, रत्नाबाईला, भाऊ एकच. बुधवारी मात्र चुलतभावाची तेरवी. तेरवीची रात्र घरातच काढायची, ही त्यांच्या घरची चाल. म्हणजे गुरुवारी पहाटेच्या आत निघणं नाही.

"नागपूर ते हैदराबाद सव्वा तास, बाबूजी," सून प्रतिक्षा म्हणाली.

"मंग तिकिटावर तिथं पोहोचाची वेळ पाच वाजून पाच कायले लिवली?"

"हे मुंबईवरून जाते. थेट विमानात जागा नव्हती."

"हैदराबाद दक्षिणेले, अन् हे मुंबईले काहून जाते?"

प्रतिक्षा हसली. सेवकरामांना हसू आलं नाही. त्यांनी लग्नपत्रिकेच्या मागं मधोमध रेघ ओढली. डावीकडे विमान: पहाटे पाचला घर सोडायचं, साडेनऊला उड्डाण, अकराला मुंबई, तिथं चार-साडेचार तास बसून राहायचं, मग हैदराबाद, मग सामान, मग शहरातली गर्दी. मांडवात सव्वासहा. उजवीकडे रस्ता: वडसा, चंद्रपूर, आसिफाबाद, मंचेरियाल. सहाला निघालं तर चारला मांडवात. त्यांनी दोनदा ताडून पाहिलं. दोन्ही वेळा विमानच मागं पडलं.

शेजारचा तेजराम भाड्यानं गाडी चालवायचा. तो ओट्यावर येऊन टेकला. "सेवकभाऊ, भेव लागते तर सरळ सांगा न!"

"भेव नाही बे. उडणारं मागं अन् चाकावरचं पुढं, हे मले समजून नाही राहिलं."

"पण खुशबू तर साऱ्याइले सांगून बसली, मामा विमानानं येते म्हणून."

तेच खरं दुखणं होतं. पोरीनं हौसेनं तिकीट काढलं. नाही म्हणावं तर तिचं मन मोडतं, हो म्हणावं तर हातात पाच मिनिटं. शेवटी त्यांनी फोन लावला.

"खुशबू, विमान थोडं लेट झालं, तर तुह्या मागं कोण उभं राहीन?"

मग ती म्हणाली, "गाडीनंच ये, मामा."

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी स्टेअरिंग बंद केलं होतं. म्हणून गुरुवारी तेजराम चालवत होता आणि सेवकराम शेजारी बसून उजव्या पायानं नसलेला ब्रेक दाबत होते. आसिफाबादच्या पुढं प्रतिक्षाचा फोन आला. "बाबूजी, नागपूरचं विमान वेळेवर मुंबईला पोचलं."

सेवकरामांचा चेहरा पडला. "तेजराम, मंग आपलं चुकलं का?"

"मले काय पुसता? मी तं तुमच्याच हिशोबानं चाललो."

साडेचारला ते मांडवात पोचले. वरपक्षाकडच्या एका गृहस्थानं विचारलं, "एवढ्या लांबून गाडीनं? विमानानं तर सव्वा तास!"

सेवकरामांनी खिशातली पत्रिका अर्धी बाहेर काढली, रेघेकडे पाहिलं आणि परत ठेवली. "हो जी," ते म्हणाले, "सव्वाच तास." आणि अजून पावणेदोन तास होते, तरी ते नवरीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले.