सदतीस घरं आणि एक खुर्ची

रुलेटच्या खेळात आयुष्यात एकदाही न हरलेला माणूस उभ्या सातारा-सांगली मुलखात एकच होता, आणि तो विश्रामबागेतल्या आमच्या खाणावळीत आमटी वाढायचा. न हरण्याचं कारण साधं होतं. ते कधी खेळलेच नव्हते. पण हे आमच्या वाढपीकाकांना ऐकवायची सोय नव्हती. "खेळाचं मागनं बगू," ते म्हणायचे, "आदी अभ्यास!" महायुद्धात ते माझ्या मामाच्या पलटणीत होते. कवठे महांकाळकडच्या माळावर त्यांची वस्ती, तिथले लोक त्यांना कौतुकानं हवालदार म्हणत आणि काका दर वेळी दुरुस्ती करत, "हवालदार न्हाई, मेस वेटर." बंदूक त्यांनी कवायतीपुरती धरली. बाकीची सगळी लढाई मिसर देशातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, साहेबांच्या क्लबात, हातात ट्रे घेऊन, एका कॅप्टनच्या खुर्चीमागं उभं राहून काढली. कॅप्टन खेळायचा, हरायचा आणि प्यायचा. काका आकडे पाठ करायचे आणि बराकीत येऊन लिहून ठेवायचे.

मला रुलेट म्हणजे काय हे त्यांनीच शिकवलं. परातीएवढं चाक, त्याला सदतीस घरं. अठरा लाल, अठरा काळी आणि एक हिरवं, शून्याचं. चाक एकीकडं फिरवायचं, गोळी उलट सोडायची, ती ज्या घरात बसेल ते जिंकलं. लालवर पैसे लावले आणि लाल आलं तर दुप्पट मिळतात. हिरवं आलं तर लालवाल्यांचंही गेलं आणि काळ्यावाल्यांचंही. सगळं टेबलाच्या मालकाचं. हे ऐकून मी ताटावरून उठलोच. "काका, हे तर इंग्रजांचं राज्य झालं! आपण लाल-काळं करत भांडायचं आणि नफा हिरव्या घराचा!" दुसऱ्या दिवशी 'हिरव्या घराचं राज्य' हे माझं पत्रक तयार झालं. त्यात उद्गारचिन्हंच अकरा होती. काकांनी एक अख्खा गठ्ठा मागून घेतला, तेव्हा मला भरून आलं. जनता जागी होत होती! आठवड्यानं त्यांच्या खोलीत गेलो तर पत्रकं भिंतीला ओळीनं चिकटवलेली, पालथी. "लय झाक पत्रक हाय तुमचं," काका म्हणाले, "मागची बाजू सगळी कोरी हाय." त्या कोऱ्या बाजूवर मिसरातले आकडे मुंगीच्या अक्षरात उतरले होते.

त्यांच्या तीन रीती होत्या. पहिली दुपटीची. एक लावून हरलास तर दोन लाव, दोन गेले तर चार, चार गेले तर आठ. कधीतरी जिंकशीलच आणि सगळं एका झटक्यात भरून निघेल. या रीतीची परीक्षा त्यांनी सुट्टीत गावी घेतली. खाणावळीची जुनी परात सायकलच्या आसावर बसवून चाक केलं होतं, बेअरिंगची गोळी होती, पैशाऐवजी चिंचोके. मी सोबत होतो. काका काळ्यावर अडून बसले आणि गोळी लालवर. अकरा वेळा लाल आलं. बाराव्या डावाला दोन हजार अठ्ठेचाळीस चिंचोके लागत होते. काकांनी कोपऱ्यातलं, घोंगड्याच्या खळीसाठी ठेवलेलं चिंचोक्यांचं पोतं ओढलं, तसा मागावर बसलेला त्यांचा थोरला भाऊ घोंगडं टाकून धावला. "आरं ए मेस वेटर! खळीचं चिंचोकं हायती ती! घोंगड्याला काय तुजा लाल-काळा लावू व्हय रं?" तो डाव तिथंच राहिला. काकांच्या मते ती हार नव्हतीच. रीत बरोबर होती, पोतं लहान होतं.

दुसरी रीत पायरीची: हरलं की एक पायरी वर, जिंकलं की एक पायरी खाली. तिच्यात घोंगडी बुडत नव्हती, म्हणून काकांना तिच्यात फारसा रस नव्हता. तिसरी, त्यांची लाडकी, वाट बघायची. लाल सात वेळा आलं की आठव्याला काळं येणारच, मग लावायचं. ही रीत ते पंगतीतही चालवत. ओळीनं चौघांनी भात नको म्हटलं की पाचव्याच्या ताटात न विचारता भाताचा ढीग पडे. एकदा पाचवा मी होतो आणि ताप उतरून नुकता पेजेवर आलो होतो. "काका, मला नकोय!" "आसं कसं? चार न्हाई झालं, आता तुमच्यावर आलंच हुतं." मी संतापून तर्कशास्त्र काढलं. म्हटलं, गोळीला काय आठवतं, मागं काय आलं होतं ते? काकांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "गोळीला आठवत न्हाई, म्हणून तर मी लिहून ठेवतोय."

जुगारावर माझा जन्माचा राग. जुगार हा गरिबाचा खिसा कापणारा सावकाराचा धाकटा भाऊ आहे, असं मी छापून वाटलं होतं आणि आजही त्यातला शब्द मागं घेणार नाही. म्हणून एका दुपारी, पंगती उठल्यावर, मी काकांना सरळ विचारलं, की इतका शहाणा माणूस या नादाला लागतो कसा? काका ताटं विसळत होते. त्यांनी हात पुसले आणि कनवटीतून एक नाणं काढलं. मिसरचं. एकदा कॅप्टननं गमतीनं त्यांना विचारलं होतं, काय लावू? काका म्हणाले, काळं. काळं आलं. टेबलावरचे सगळे हसले, कॅप्टननं पाठ थोपटली. काकांना वाटलं, आता आपलंही चालेल. त्यांनी खिशातलं हे नाणं काढून काळ्यावर ठेवलं. "तिथं पैसं वडायला एक लांब दांडी आसती बगा. त्या दांडीनं चाक फिरवणाऱ्या मानसानं माजं नाणं हळूच कडंला सरकवलं. शिवी न्हाई, काय न्हाई. नुसतं सरकवलं. बसल्याली मानसं लावत्यात, हुबी न्हाई." काकांनी नाणं परत खोचलं. "एकदा बसून लावायचंय, पत्रकवाले. येकदाच." त्यांच्या खोलीत लष्करी लिलावातून आणलेली एक घडीची खुर्ची होती, तिचा उलगडा मला तेव्हा झाला. तिच्यावर ते कुणाला बसू देत नसत. स्वतःही बसत नसत.

त्या पौषात औंधच्या यमाईच्या जत्रेत जुगाराविरुद्ध पत्रकं वाटायचं मी ठरवलं. "तितं चक्री आसती का?" काकांनी विचारलं. असते म्हणूनच जातोय, असं मी बाणेदारपणे सांगितलं, आणि काका खुर्ची घेऊन निघाले. मिरजेहून रहिमतपूरपर्यंत आगगाडीत ती त्यांच्या मांडीवर होती, पुढं मोटारीच्या टपावर, आणि जत्रेत डोक्यावर. चक्री म्हणजे रुलेटची गावठी बहीण: लाकडी चाक, त्यावर बारा आकडे, कडेला खिळे आणि खिळ्यांवर टकटकणारी कातडी पट्टी. समोर गोणपाटावर तेच आकडे रंगवलेले. भोवती माणसं उकिडवी बसली होती. काकांनी मधोमध खुर्ची उलगडली आणि बसले.

"आवं पावनं, फोटू काढायचाय व्हय?" कुणीतरी ओरडलं.

"खाली बसा की! मागं दिसंना."

काकांनी लक्ष दिलं नाही. त्यांनी माझ्याच काखेतलं 'जुगार सोडा!' हे पत्रक ओढून घेतलं, पालथं केलं आणि येणारे आकडे लिहायला लागले. तासभर ते नुसते लिहीत होते. शेवटी चक्रीवाल्यानं चाक थांबवलं. "साहेब," तो हात जोडून म्हणाला, "पोलिसातलं हायसा का? तसं आसंल तर सांगा, मी उठतो." काकांनी मान हलवली. मग कागद घडी करून ठेवला, तिन्ही रीती बाजूला सारल्या आणि मिसरचं नाणं पाचावर ठेवलं.

चक्रीवाल्यानं वाकून पाहिलं. "ह्ये कुठलं? ह्ये न्हाई चालत, बाबा." आणि त्यानं पैसे ओढायची वेताची छडी उचलली. छडीचं टोक नाण्याला लागलं. काकांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि उठायच्या बेतानं पाय सावरले. मग मला काय झालं कोण जाणे.

"सरकवू नका!" मी ओरडलो. "राहू द्या तिथंच! त्याच्या बदल्यात माझा रुपया घ्या, पण डाव त्या नाण्याचाच!"

"आरं, पत्रकवालाच लावतोय रं!" लोकांनी टाळ्या पिटल्या. मी रुपया टाकला. चाक फिरलं. पट्टी टकटकत मंदावली, तिनावर आली, चारावर, पाचावर क्षणभर टेकली आणि एक खिळा ओलांडून सहावर थांबली. छडी आली आणि बाकीच्या पैशांबरोबर ते नाणंही ओढून घेऊन गेली.

काका उठून उभे राहिले. इतका आनंदलेला माणूस मी त्या जत्रेत दुसरा पाहिला नाही. "हरलो!" ते म्हणाले. "पत्रकवाले, रीतसर हरलो!" त्यांनी चक्रीवाल्याचा हात हातात घेऊन साहेबासारखा हलवला, खुर्ची मिटली आणि यमाईच्या दर्शनाला डोंगराकडं निघालेसुद्धा.

मी मागं रेंगाळलो. चक्रीवाल्यानं माझा रुपया कमरेला लावला आणि नाणं माझ्या हातात ठेवलं. "ह्ये जावा घिऊन. माज्या काय कामाचं?" मी ते खिशात टाकलं. त्या दिवशी माझं एकही पत्रक वाटलं गेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात काका खाणावळ सोडून वस्तीवर गेले. परात खाणावळीला परत केली, आकड्यांचे कागद मला दिले, खुर्ची मात्र नेली. त्यांचा भाऊ सांगतो, मेंढरं परत यायच्या वेळी ते तिच्यावर टेकून बसतात. अजून विचारतात, औंधाची ती चक्री अजून बसती का, माजं नाणं त्या ढिगात आसंल का? मी पत्रातून कळवतो, असणारच. आयुष्यात मी एवढं एकच खोटं लिहिलं आहे. नाणं माझ्या पेटीत, जुन्या पत्रकांखाली आहे. दोनदा ते परत द्यायला निघालो आणि दोनदा मिरजेहून माघारी आलो. ते हातात पडलं, की काका पुन्हा एकदाही न हरलेले होतील.